दार नसलेल्या गावचा खजिनदार

पिणाऱ्यांच्या टोळक्यात एक न पिणारा असतोच, आणि सगळं टोळकं त्याच्याच हुकमावर चालतं. शनिशिंगणापुरातल्या आमच्या टोळक्यात त्याला खजिनदार म्हणतात. त्याची निवडणूक झालेली नसते, की ठराव झालेला नसतो. कधीतरी पहिल्या बैठकीला "तू शुद्धीवर आहेस, तू हिशेब धर" असं कुणीतरी म्हणून गेलेलं असतं. पुढं सरपंच बदलतात, खजिनदार बदलत नाही.

त्याचं पहिलं काम म्हणजे वार काढणं. लग्नाचा मुहूर्त परवडला. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा आणि शेजारच्या शिर्डीचा. शनिवारी तर आमच्याकडं मटणाचं नाव काढायची सोय नाही, आणि फुरसतही नाही. एकाचं पूजेच्या साहित्याचं दुकान, तेल, रुईच्या पानांचे हार आणि घोड्याची नाल यांत तो बुडालेला. दुसरा शिर्डीहून भाविकांच्या फेऱ्या मारतो. शनिअमावास्या आली तर चार दिवस आधीपासून दोघांचे फोन लागत नाहीत. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातल्या एका वारी एकादशी निघते, दुसऱ्या वारी कुणाची तरी सासू येते. खजिनदार खचत नाही. "नक्की येणार ना? मग आत्ताच वर्गणी टाक," एवढंच म्हणतो. तोंडी होकाराला त्याच्या वहीत जागा नाही.

आमच्यातल्या एकाचा मेहुणा मेलबर्नला असतो. तिकडं एका अफगाणी हॉटेलात मित्रांबरोबर जेवायला गेलो होतो, वाईनची बाटली आपली आपण न्यायची, हॉटेलवाला जेवण देतो आणि बाटली उघडायचे वेगळे पैसे लावतो, असं त्यानं सांगितलं तेव्हा मंडळींनी तोंडात बोटं घातली. खजिनदार तेवढा हलला नाही. "यात नवल काय? आपल्याकडं तर मटणसुद्धा आपलंच न्यायचं असतं."

खरंच आहे ते. घोडेगावाकडं हायवेला लागलं की 'ऑर्डरप्रमाणे मटण बनवून मिळेल' अशा पाट्या दिसतात. मटण तुमचं, बनवणावळ किलोवर, भाकरीचा हिशेब वेगळा. ज्या गावात देवालासुद्धा भक्तानं तेल घेऊन यायचं असतं, तिथं माणसानं रिकाम्या हातानं जेवायला जावं कशाला?

मटण घ्यायला खजिनदार जातीनं जातो. खाटकासमोर उभा राहून "नळी टाक, चरबी बेतानं टाक" असं सांगत राहतो. ढाब्यावर पातेल्यात पडायच्या आधी आचाऱ्यादेखत नळ्या मोठ्यानं मोजतो. पाच दिल्या, पाच आल्या पाहिजेत. मागं एकदा नव्या पोरांनी हट्टानं 'चिकन अफगाणी' मागवलं. काजू आणि मलई लावलेलं, पांढरंफटक. आळणीपलीकडं पांढरं काही न खाल्लेले आमचे जुने गडी त्याच्याकडं आजाऱ्याच्या पथ्याकडं बघावं तसे बघत बसले. प्लेटीत पीस आठ, बसणारे नऊ. खजिनदारानं क्षणात स्वतःचा पीस सोडला आणि वहीत तशी नोंद करून ठेवली. ती नोंद पुढं वर्षभर चालली.

बाटलीचा मामला नाजूक. परवाना नसलेल्या ढाब्यावर पिताना सापडलं, तर राज्य उत्पादन शुल्कवाले मालकाला कलम 68 लावतात आणि पिणाऱ्याला 84. खजिनदाराला दारूबंदीचा 1949 चा कायदा हनुमान चालिसेसारखा पाठ आहे. म्हणून जेवण तेवढं ढाब्यावरून आणायचं आणि बैठक आमच्याच एकाच्या शेतात, उसाच्या कडेला, हा त्याचा शिरस्ता. वर माणशी 5 रुपयांचा एका दिवसाचा परवानाही काढलेला असतो. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांना कुठं माहीत असतं?

त्याच्यात खोड एकच, चकणा. पिणारे पहिल्या ग्लासाला पाण्याचं प्रमाण ठरवत असतात, तोवर शेंगदाणे आणि चणाडाळीचा तळ दिसायला लागलेला असतो. सगळ्यांना ते दिसतं, पण बोलणार कोण? गाडीची चावी त्याच्याकडं. आणि चावीपेक्षा जड गोष्टही त्याच्याचकडं असते. तिसऱ्या ग्लासाला दोन भाऊबंद बांधाच्या वादावरून गळ्यात गळे घालून रडतात. "घे तुला दोन फूट जादा," म्हणतात. सकाळी बांध जिथल्या तिथं, वाद जिथल्या तिथं. कोण काय कबूल झालं होतं, हे नऊ जणांत एकट्याला आठवतं. त्यानं ते आजवर बाहेर काढलेलं नाही. नुसता मिशीत हसतो, आणि समोरचा मुकाट्यानं वर्गणी काढतो.

तरी एखादा बुडवा निघतोच. "उद्या देतो" म्हणून सटकतो. दुसऱ्या गावात असल्या माणसाचं साधतं. कडी लावायची, आतून पोराला सांगायचं, बाबा घरी नाहीत म्हण. शिंगणापुरात घरांना दारंच नाहीत. युको बँकेनंसुद्धा 2011 साली इथं शाखा काढली ती बिनकुलपाची. घराला फार तर कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी किंवा पडदा. चोर येत नाही ही शनिदेवाची कृपा. वसुलीवाल्याबद्दल देवानं काही हमी दिलेली नाही. सकाळी सात वाजता खजिनदार पडदा सारून थेट चुलीपाशी येऊन बसतो, वहिनींकडं चहा मागतो, आणि डोक्यावरून पांघरूण ओढून पडलेल्या मित्राकडं न बघता वही उघडून मोठ्यानं वाचायला लागतो, "मटण... बनवणावळ... भाकरी एकतीस... परवाना पाच रुपये..."

पुढची ओळ बाटलीची असते. तिथपर्यंत पोचायची वेळ सहसा येत नाही. पांघरुणातून हात बाहेर येतो आणि उशाखालचं पाकीट चाचपतो.