उभ्या गाडीची घालमेल

चालताना बिघडणाऱ्या गाड्या पुष्कळ पाहिल्या. आमची थांबली की बिघडायची. चिपळूणला लग्नाला निघालो आणि खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर तिने पहिला नमुना दाखवला. माझा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता, तरी आठशेच्या आसपास बसायचा काटा अठराशेवर चढला, धपकन सहाशेवर आला, गाडी शहारली, काटा पुन्हा वर. घूंऽऽ... फुस्स. घूंऽऽ... फुस्स. शेजारच्या रांगेतल्या तरुणाला हे शर्यतीचं आमंत्रण वाटलं. त्यानेही दणकून रेस केली.

"एवढा कसला रे राग? उघडेल की फाटक," मागून आत्या म्हणाली.

"मी काहीच करत नाहीये."

"तुझा बाप पण हेच म्हणायचा."

काकांनी उमेदीची वर्षं पद्मिनी चालवली होती. "चोक ओढलेला राहिलाय. आत ढकल." या गाडीला चोकच नाही, हे त्यांच्या गळी उतरेपर्यंत खंबाटकी घाट उतरून झाला. मग पेट्रोलमध्ये पाणी असल्याचा सिद्धांत आला. तो आनेवाडीच्या टोलपर्यंत पुरला. तिथे पुन्हा घूंऽऽ, फुस्स.

पळताना मात्र गाडी इतकी गुणी, की उंब्रजला उजवीकडे वळून पाटणच्या रस्त्याला लागलो तेव्हा आमच्यात एक अलिखित करार झालेला होता : थांबायचं नाही. चहा नाही, कणसं नाही. लघुशंकेचा प्रस्ताव बहुमताने कोयनानगरपर्यंत पुढे ढकलला गेला. तिथे धरण बघायलाही कोणी मान वळवली नाही. सगळे बॉनेटकडे बघत होते. कुंभार्ली घाट उतरताना गाडी गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, काटा शहाण्यासारखा स्थिर. काकांनी "बरी झाली" असं जाहीर केलं. अलोऱ्याला म्हशी आडव्या आल्या, थांबावं लागलं, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी घुमू लागली.

सुदैवाने समोरच गॅरेज होतं. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, कान लावला, आणि डॉक्टरांनाही न जमणाऱ्या थंडपणे म्हणाला, "हवा घेतेय."

"कुठनं?"

"तेच बघतोय ना. जरा गप ऱ्हावा."

त्याने पकडीने एकेक रबरी पाइप दाबायला सुरुवात केली. क्रँककेसमधून येणारी नळी चिमटली, आणि काटा आठशेवर येऊन निमूट बसला. नळीच्या वळणावर, खालच्या अंगाला, भेग होती. आमच्या शहरातल्या वर्कशॉपने महिन्यापूर्वीच 'सर्व ओके' असा शिक्का मारला होता. शिक्का वरच्या अंगाला मारला असावा.

इंजिनचा कॉम्प्युटर हा सरळमार्गी कारकून. हवा सेन्सरपाशी मोजून घ्यायची, 14.7 भार हवेला एक भार पेट्रोल द्यायचं, एवढंच त्याचं काम. भेगेतून आत शिरलेल्या हवेची आवक-नोंदच नाही. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, "पेट्रोल कमी पडतंय." कारकून वाढवून देतो. हवाही जास्त, पेट्रोलही जास्त, काटा अठराशेवर! आता तो दचकतो : पाय तर उचललेला, मग एवढी रेस कशी? पेट्रोल बंद. काटा कोसळतो. बंद पडेल या भीतीने पुन्हा चालू. प्रत्येक हुकूम बरोबर, पण जरा उशिरा आणि जरा जास्त. (सरकारी अनुभव असलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको.) पळताना इंजिन एवढी हवा ओढतं, की ही चोरटी आवक त्यात बुडून जाते. उभ्या गाडीला हवा लागतेच थोडी. त्यात तीच भारी पडते.

हे दुखणं मोटारीहून जुनं आहे. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. पुढे असे गव्हर्नर कधीकधी स्वतःच झोके खाऊ लागत. ते का आणि कधी, याचं गणित मॅक्सवेलने 1868 मध्ये मांडलं. आणि आमच्याजवळच, पोफळीला, डोंगराच्या पोटात कोयनेची टर्बाइन्स गव्हर्नरच्या धाकात फिरत होती, राज्याच्या विजेचे 50 हर्ट्झ सांभाळत. मी हे उत्साहाने सांगितलं. आत्या म्हणाली, "मग त्यांच्याकडनंच का नाही करून घेतलीस?"

मेकॅनिकने भेगेचा तुकडा कापला, उरलेली नळी ओढून बसवली, क्लिप आवळली. "पुण्याला गेल्यावर नवी टाका."

बहादूरशेख नाक्यावर गर्दीत अडकलो. इंजिनचा आवाज म्हणून येईना. गाडीत शांतता पसरली, ती वाढत गेली.

"बंद पडली," आत्या म्हणाली.

"चालू आहे, आत्या."

काकांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मला रेस करून दाखवायला लावली, तेव्हा शेजारच्या टेम्पोवाल्याने काच खाली करून विचारलं, "काय घाई आहे काय?"