जोडधंदेराव यांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री जोडधंदेराव,
मुक्काम : यच्चयावत कृषिमेळाव्यांचे व्यासपीठ, यांसी

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू कास्तकाराने आपणांसारख्या लोकमान्य पुरुषास जाहीर पत्र धाडावे, हे औद्धत्य खरे. परंतु राळेगावापासून झरी जामणीपर्यंत ज्या ज्या सभेत कापसाच्या भावाची गोष्ट निघाली, त्या त्या सभेत उत्तरादाखल आपलेच नाव घेण्यात आले आणि 'शेतीला जोडधंदा करा' एवढी मसलत देऊन वक्ते मोटारीत बसले. त्या अर्थी आमच्या दुःखाचे मुखत्यारपत्र आपल्याच नावे झालेले दिसते.

या मुलखातले आपले सर्वांत दिमाखदार आगमन २००६ सालचे. त्या वर्षी १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, आणि व्याजमाफी, सिंचन इत्यादी कलमांच्या पंगतीत आपणही अनुदानावरील संकरित गाईच्या रूपाने अवतीर्ण झालात. गाय गुणी होती, याविषयी वाद नाही; परंतु वैशाखात जेथे पारा पंचेचाळिसाकडे झुकतो आणि बाया-बापड्यांना घागरभर पाण्यासाठी वावरे तुडवावी लागतात, तेथे त्या शीतप्रकृती पाहुणीस सावली, स्नान आणि हिरवी वैरण कोठून द्यावी, याचे कलम त्या दस्तऐवजात आम्हांस काही सापडले नाही. आमच्या गोठ्यात निघते ते सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार. ते पाहून तिने मान फिरवली, की ढेप आणणे आलेच.

ढेपेचा हिशेब तर विशेष मनोज्ञ आहे. आमचा कापूस जिनिंगमध्ये जातो, तेथे रुई निराळी निघते, सरकी तेलाच्या गिरणीत पिळली जाते, आणि मागे उरलेला चोथा पोत्यांत भरून 'सरकी ढेप' या नावाने आमच्याच दारी विक्रीस येतो. मुख्य धंद्यात जे व्यापाऱ्याच्या भावाने विकले, त्याचाच उरलासुरला अंश जोडधंद्याकरिता पुन्हा व्यापाऱ्याच्याच भावाने विकत घ्यावा, अशी ही सुबक व्यवस्था! सायंकाळी संकलन केंद्रावर दुधाचा नमुना यंत्राखाली जातो, फॅटचा आकडा उमटतो आणि त्यावरून आमची किंमत ठरते. कापसाचा भाव ठरवण्याचा जो अधिकार आम्हांस नव्हता, तो दुधातही नाही, एवढी सुसंगती मात्र आपण कसोशीने राखलीत. अखेर ज्यांच्या विहिरीला पाणी होते त्यांच्याकडे गाय टिकली. कित्येकांनी तिला बाजार दाखवला.

आपली निंदा करावी, असा हेतू नाही. जेथे बारमाही पाणी, उसाचे वाढे आणि दूधसंघाची घडी बसलेली आहे, त्या कोल्हापूरकडच्या मुलखात आपण अनेक घरे सावरलीत. पण तेथे मुख्य पीक आधीच उभे होते, आपण त्याला हातभार लावलात. येथे मात्र मुख्य धंद्याचे सारे ओझे आपल्याच शिरी देण्यात येते, आणि आपण वाकलात की आळशीपणाचा ठपका आमच्यावर बसतो.

आता एक नाजूक प्रश्न. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८-१९ सालाचा जो ताळेबंद मांडला, त्यात देशातील शेतकरी कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ती १०,२१८ रुपये भरली. त्यांत मजुरीचे ४,०६३, पिकांचे ३,७९८ आणि जनावरांचे १,५८२. मजुरी जर पिकाहून अधिक आणते, तर यांत मुख्य कोण आणि जोड कोण? या मजुरीचीही किंमत कधी कधी भलतीच पडते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी पोखरली, त्याच हंगामात दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणीस गेलेली या जिल्ह्यातली काही माणसे विषबाधेने दगावली. त्या प्रसंगी विनोद करण्याची ताकद या लेखणीत नाही.

तथापि या जिल्ह्यात शेती सुखाने करणारेही लोक आहेत, हे कबूल केले पाहिजे. कोणी मास्तर आहेत, कोणी कचेरीत कारकून, कोणी बियाण्याच्या दुकानाचे मालक. पाऊस दडी मारो की अळी पडो, पहिल्या तारखेचा पगार अथवा रोजचा गल्ला त्यांना चुकत नाही. त्यामुळे ते कापूस भाव चढेपर्यंत घरात ठेवू शकतात, आणि आम्हांस तो उधारीवाल्याच्या डोळ्यांदेखत दिवाळीपूर्वीच विकावा लागतो. त्यांची शेती फळते, कारण त्यांचा जोडधंदा शेती हाच आहे.

सबब दरखास्त अशी की, सरकारी दप्तरात आमच्या मुख्य व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' असे लिहावे आणि कापसाची नोंद 'जोडधंदा' म्हणून व्हावी. जोडधंद्यास अनुदान मिळते, प्रशिक्षण मिळते, मंत्रिमहोदयांचे हस्ते सत्कारही घडतो. आपल्या नावाच्या आडोशाने का होईना, या पिकालाही त्यांतले काही लाभेल. ही दरखास्त नामंजूर झाल्यास वावराला पाणी आणि कापसाला खर्च भागून चार पैसे उरतील असा भाव, एवढ्यावर आम्ही तडजोड करू. मग आपण खुशाल यावे, गाय घेऊनच यावे.

कळावे. लोभ आहेच, अनुदानाचे तेवढे कळवावे.

आपला आज्ञाधारक,
एक कोरडवाहू कास्तकार,
जिल्हा यवतमाळ