वारा येतो, लाईट जाते

मे संपत आला की नाशिकमध्ये दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळवंडतं, गंगापूर रोडची झाडं अंगात आल्यासारखी घुमू लागतात आणि घराघरांतून एकच हाक येते, 'मोबाईल चार्जिंगला लावा रे, लाईट जाणार.' ती जातेच. वळवाचा पहिला थेंब पडायच्या आत जाते. गुलमोहराची एखादी फांदी तारेला टेकली की अख्खी कॉलनी गॅलरीत येते, एकमेकांना 'तुमच्याकडेही गेली का?' असं विचारून घेते, आणि उत्तर ऐकून सगळ्यांनाच जरा बरं वाटतं. आपल्या एकट्याची गेली, यापरतं दुःख नाही.

हाच वारा तिकडे पट्ट्याच्या डोंगरावर लाईट तयार करत असतो, हे मात्र त्या अंधारात कुणाला आठवत नाही.

सिन्नर-घोटी रस्त्यानं जाताना दक्षिणेच्या डोंगरधारेकडे बघा. आभाळात पांढऱ्या काड्या खोचल्यासारख्या दिसतात, त्या पवनचक्क्या. तिथेच पट्टा किल्ला. १६७९ साली जालना लुटून येताना मोगलांची फौज मागे लागली, तेव्हा बहिर्जी नाईकांनी आडवाटेनं शिवाजी महाराजांना या किल्ल्यावर आणलं, महाराजांनी काही दिवस विसावा घेतला आणि गडाचं नाव विश्रामगड पडलं. आता विश्रामगडाच्या शेजारी चोवीस तास ड्युटी लागली आहे.

लांबून ही पाती आळसावलेली दिसतात. खाली जाऊन उभं राहिलं की मत बदलतं. प्रत्येक पातं खांबासमोरून जाताना 'हुप्' असा आवाज येतो, मग क्षणभर काही नाही, मग पुन्हा 'हुप्'. सावली अंगावरून, गवतावरून, बांधावरच्या म्हशीवरून सरकत जाते. म्हैस मान वर करत नाही. जोराच्या वाऱ्यात त्या पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे पळत असतं, म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ट्रॅव्हल्सवाल्यांनाही लाज वाटावी. आणि वारा पाहून पाठ फिरवायची ही आपली जुनी रीत पवनचक्कीला ठाऊक नाही. वारा बदलला की ती डोकं वळवून थेट त्याच्या तोंडासमोर उभी राहते. राजकारणात तिचं काही खरं नव्हतं.

हिशेब मात्र चमत्कारिक. वारा दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते, आणि निम्म्यावर आला तर एक अष्टमांश उरते. म्हणून मंद झुळुकेत चक्की ढिम्म उभी असते, आणि फारच वादळ झालं तर पाती मोडू नयेत म्हणून स्वतःच बंद होते. शिवाय वाऱ्यातली सगळी ताकद काढून घेता येत नाही. आल्बर्ट बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं आहे की फार तर ५९ टक्के मिळतील. बाकीचे वाऱ्याकडेच राहू द्यायचे, नाहीतर तो चक्कीमागे थांबून राहील आणि पुढचा वारा येणारच नाही. परतीच्या एस्टीचं भाडं पाहुण्याच्या खिशात राहू द्यावं, तसंच हे.

नाशिककराचं खरं भांडण वेळेचं आहे. आपल्याकडे वारा भरात येतो तो मृगानंतर, म्हणजे शेतातले पंप बंद असतात तेव्हा. ऑक्टोबर छाटणी झाली, द्राक्षबागांना पाणी हवं, उन्हाळ कांद्याची लागण झाली, थ्री फेज लाईट रात्री येते म्हणून शेतकरी बॅटरी घेऊन बिबट्याच्या वाटेनं मोटर चालू करायला निघतो, तेव्हा डोंगरावर वारा पडलेला असतो. उलट बाजूही सांगायला हवी. सौरऊर्जा ढगांपुढे आणि दिवेलागणीला हात टेकते. वारा नेमका तेव्हाच कामाला येतो. दोघांची सांगड घातली तर संसार होईल. आणि उरलेली वीज ठेवायची कुठे, याचं एक उत्तर पट्ट्याच्याच अकोले तालुक्यात आहे. घाटघरला वीज जास्त असते तेव्हा पाणी वरच्या धरणात चढवतात, टंचाई असते तेव्हा खाली सोडून अडीचशे मेगावॉटपर्यंत वीज काढतात. वारा कोंडून ठेवता येत नाही, पाणी ठेवता येतं.

सातारा, सांगली, धुळ्याकडे आणखी एक तक्रार बरीच वर्षं ऐकू येते, की पवनचक्क्या ढग पळवून लावतात. पाऊस देणारा ढग कित्येक किलोमीटर उंच वाढलेला असतो आणि चक्की त्याच्या पायाशी जेमतेम शंभर मीटर. ती त्याला काय हाकलणार? पण माझ्या मते ही तक्रार पावसाची कमी आणि जमिनीची जास्त आहे. माळ आमचा, वारा आमच्यावरून जाणारा, आणि तारा मात्र आमच्या डोक्यावरून शहराकडे, असं वाटू लागलं की माणूस ढगांचासुद्धा हिशेब मागतो.

खरा बदल झाला तो कुणाच्या लक्षातही आला नव्हता. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी साधारण चौपटीनं कमी. पक्षी गेले म्हणून सरडे बेसुमार वाढले. हे साधे सरडे नव्हेत. नराच्या गळ्याला निळ्या-काळ्या-नारिंगी रंगाचा पंखा असतो आणि विणीच्या दिवसांत तो उघडून दाखवत ते दगडावर मिरवतात. शत्रू नाही म्हटल्यावर ते निर्धास्त झाले. रक्तातला ताणाचा अंश कमी झाला, माणूस अगदी जवळ गेला तरी पळेनात. इथवर ऐकून हेवा वाटतो. पण तोंडं वाढली आणि खाणं तेवढंच, त्यामुळे सरडे वाळले आणि गळ्याचे रंगही फिके पडले. निवृत्तीनंतर हौसिंग सोसायटीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या आम्हा मंडळींना हे वाचून थोडं गप्प व्हावं लागलं.

म्हणून अंजनेरीच्या डोंगरावर पवनचक्की नको, एवढं मी ठामपणे म्हणेन. पवनपुत्र हनुमानाचा जन्म इथला की किष्किंधेचा, यावर २०२२ साली नाशिकमध्ये साधू-महंतांची सभा भरली आणि ती हमरीतुमरीवर आली. त्या वादात मी पडत नाही. पण अंजनेरीच्या कड्यांत गिधाडं राहतात, कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जात तिथे फुलते. तिथला वारा त्यांचाच राहू द्यावा.

मग वीज आणायची कुठून? सध्या ती एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातूनही येते. तिथे २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांना मालगाडीनं येणारा कोळसा लागतो, पाणी लागतं, आणि मागे राख उरते. त्या केंद्राच्या चिमण्या आपण लहानपणापासून पाहत आलो, म्हणून त्या नजरेला खुपत नाहीत. पवनचक्कीला कोळसा नको, पाणी नको. तिचं जुनं झालेलं फायबरचं पातं कुठे टाकायचं हा प्रश्न मात्र आहे, आणि तो आजच विचारायला हवा.

माझा कौल पवनचक्कीला आहे. पण जागा पक्ष्यांच्या वाटेतली नसावी, ज्याच्या माळावर ती उभी राहील त्याच्याशी आधी बोलणं आणि भाडं ठरावं, आणि डोंगराखालच्या वाडीत पहिला दिवा लागावा.