वडिलांसह लडाख कसे करावे

प्रस्तुत सूचना सत्तरी ओलांडलेले वडील, त्यांच्याहून चार वर्षांनी लहान आई, गुडघे दुखत असूनही 'मला काही होत नाही' म्हणणारी आत्या, पत्नी आणि कानात बोंडं घालून बसलेली चौदा वर्षांची कन्या एवढ्यांना एकाच गाडीत कोंबून श्रीनगर, कारगिल, लेह, नुब्रा, पँगाँग असा प्रवास करू इच्छिणाऱ्या गृहस्थांसाठी आहेत. मोटारसायकलवरून जाणाऱ्या तरुणांनी त्या वाचू नयेत. लेखकाने हा प्रवास एकदाच केला आहे, पण नेलेली सगळी माणसं तो परत घेऊन आला. याहून मोठी पात्रता या विषयात नाही.

नियम पहिला : लडाख रस्त्याने चढावे.

दिल्लीहून विमानाने माणूस दीडेक तासात लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर उतरतो. शरीराला ही बातमी संध्याकाळी कळते आणि मग ते रात्रभर डोकं धरून जाब विचारत बसतं. लेहला एका श्वासात समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. रस्त्याने गेलं की श्रीनगर १,५८५ मीटर, मुक्कामाला कारगिल २,६७६, दुसऱ्या दिवशी फोटू लावर ४,१०८ पर्यंत चढून पुन्हा खाली, असे जिने मिळतात. त्यानंतरही लेहमध्ये दोन दिवस निव्वळ लोळावं, पाणी पीत राहावं. शांती स्तूपाच्या पायऱ्या कुठे पळून जात नाहीत.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, यातलं एक अक्षर सांगू नये. 'तुम्हाला सोसणार नाही' असं ऐकलं की ते लेहच काय, सियाचीनचं तिकीट काढतील. 'लेहचं विमान फार महाग पडतंय' एवढंच म्हणावं. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस निमूट रस्त्याने येतो.

नियम दुसरा : पुढची सीट अण्णांची.

यावर चर्चा करू नये. त्या सीटवरून अण्णा स्टिअरिंगशिवाय गाडी चालवतात. झोजी लाच्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर आणि अण्णांचा पाय चटईवर एकाच क्षणी दाबला जाई. सोनमर्गपासून द्रासपर्यंत ती चटई तीन वेळा जागेवर सरकवावी लागली. लेहनंतर आम्हाला लडाखी ड्रायव्हर मिळाले. ते अण्णांना 'मेमे-ले' म्हणत. मेमे म्हणजे आजोबा, 'ले' म्हणजे आपला 'जी'. अण्णा त्यांना 'आरामसे चलाव, हमको घाई नहीं है' असं सांगत. घाई फक्त अण्णांनाच असते, हे ड्रायव्हरना दुसऱ्या दिवशी कळलं.

नियम तिसरा : तुलनेस मनाई करू नये.

आमचे अण्णा साताऱ्याचे. जगातला प्रत्येक घाट, डोंगर आणि पाणवठा सातारा जिल्ह्यात आधीच एकदा झालेला आहे, असं त्यांचं मत आहे. झोजी ला म्हणजे 'आंबेनळी, फक्त झाडं काढून टाका.' लामायुरूच्या त्या चंद्रावरच्यासारख्या पिवळ्या डोंगराला, 'रस्ता रुंद करताना डोंगर फोडला की असंच दिसतं.' निम्मूला सिंधू आणि झंस्कार एकमेकींना मिळतात, दोन रंगांचं पाणी बराच वेळ शेजारी-शेजारी वाहत राहतं. मी म्हटलं, 'अण्णा, सिंधू नदी!' अण्णा म्हणाले, 'हो. संगम माहुली.' माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर देवळं तरी आहेत, इथं नुसता व्ह्यू पॉइंट, असा निकाल देऊन ते गाडीत जाऊन बसले.

कन्येने यावर मागच्या सीटवरून गुण द्यायला सुरुवात केली. सातारा सहा, लडाख शून्य.

फक्त द्रासला ते काही बोलले नाहीत. तोलोलिंगच्या पायथ्याशी १९९९च्या युद्धाचं स्मारक आहे, मागे भिंतीवर नावं कोरली आहेत. अण्णा ती नावं एका टोकापासून वाचत गेले, चष्मा वर करून, खाली करून. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. अण्णांच्या वर्गात तिथली मुलं होती. आम्ही सगळे गाडीत बसून होतो आणि हॉर्न वाजवायचं कुणाला सुचलं नाही.

नियम चौथा : सकाळी सहाला निघावे.

या नियमाबद्दल माझी जुनी तक्रार आहे. आमच्या घरातून गणपतीपुळ्याला पाचला निघतात, अक्कलकोटला चारला, आणि स्टेशनवर जायचं असेल तर आदल्या दिवशीच निघावं की काय अशी चर्चा होते. 'उन्हाच्या आत पोचू' हे वाक्य मी लहानपणी डिसेंबरातही ऐकलं आहे. पण हिमालयात या वेडाला शास्त्र सापडतं. रात्रभर गोठलेला बर्फ सूर्य वर आला की वितळायला लागतो, ते पाणी खाली रस्त्यापर्यंत पोचायला दुपार होते. सकाळी ज्या ओढ्यात टायरची कड भिजते, तोच ओढा दुपारी दोन-तीननंतर दगड गडगडत आणतो. नुब्राहून श्योक नदीच्या काठाने पँगाँगला जाताना असे ओढे रस्त्यावरूनच वाहतात. त्यातल्या एखाद्याला लोक सरळ पागल नाला म्हणतात.

हुंडरहून आम्ही सहाला निघालो. (पावणेसहाला अण्णा बूट घालून खुर्चीत बसले होते. बूट त्यांनी पाचला घातले असावेत.) ओढे सकाळीच पार झाले. संध्याकाळी तंबूच्या मुक्कामावर एक कुटुंब अंधार पडल्यावर पोचलं, मुलांचे बूट चिंब, बाईंचा चेहरा पाहवत नव्हता. अण्णांनी त्या गृहस्थांना विचारलं, 'कितने बजे निकले?' ते म्हणाले, दहा. अण्णांनी काही वेळाने पुन्हा विचारलं. जेवताना तिसऱ्यांदा. चाळीस वर्षं हा माणूस आम्हाला कारणाशिवाय पहाटे उठवत होता, कारण शेवटी श्योकच्या काठी मिळालं. आता त्यांना कोण थांबवणार?

नियम पाचवा कोरड्या शौचालयांविषयी होता. आत्याच्या विनंतीवरून गाळला आहे. फावडं मातीसाठी असतं, एवढं लक्षात ठेवावं.

नियम सहावा : कुकर न्यावा.

आईने बॅगेत दोन लिटरचा कुकर ठेवला तेव्हा मी हसलो होतो. हा माझा या प्रवासातला सर्वांत मोठा अडाणीपणा. साधारण दर तीनशे मीटर चढलं की पाणी एक अंश आधी उकळतं, म्हणजे पँगाँगच्या काठी ते ८६ अंशांच्या आसपासच उकळ्या मारायला लागतं. भांड्यात खळखळाट भरपूर, डाळ मात्र तशीच टणक. तिथे कुकर हा चैनीचा विषय नाही. आईने तंबूवाल्यांच्या स्वयंपाकघरात शिरून, तिथल्या मुलाशी कुठल्या भाषेत कोण जाणे बोलून, मऊ खिचडी केली. त्या मुलानेही दोनदा घेतली. आईला भाषेची अडचण कधीच आली नाही, ती मराठीच बोलते, थोडी मोठ्याने.

याच नियमात : चिवड्याची पाकिटं उंचीवर फुग्यासारखी फुगतात, ती मांडीवर ठेवून बसू नये. शाम्पूच्या बाटलीचं तोंड स्वतःच्या तोंडाकडे धरून उघडू नये. दोन्ही अनुभव कन्येचे.

नियम सातवा : ऑक्सिमीटर न्यावा, पण लपवून ठेवावा.

कोविडच्या काळात घेतलेलं ते यंत्र प्रत्येक घराच्या खणात जुन्या चार्जरांखाली पडलेलं असतं. पुण्यात त्यावर ८८ दिसलं तर आपण रुग्णवाहिका बोलावू. लडाखच्या उंचीवर माणूस ८८ घेऊन हिंडतो, फिरतो, फोटो काढतो. हे आधी समजावून सांगितलं नाही तर पहिल्या रात्री घरात रडारड होते. समजावून सांगितलं तर दुसरा अनर्थ होतो : त्याचे दहावीचे गुण होतात. लेहच्या हॉटेलात रोज सकाळी निकाल लागू लागला. आई ९१. आत्या ८९, आणि 'हिचं श्वास घेणं लहानपणापासूनच वरवरचं' हा अण्णांचा शेरा. स्वतः अण्णा ८६. त्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला. हात चोळले, बोटं चहाच्या पेल्यावर धरली, तीनदा मोजून सर्वांत चांगला आकडा, ९०, वहीत नोंदवला. यात एक गोष्ट खरी आहे, गार बोटावर हे यंत्र चुकीचं वाचतं. पण ती माहिती त्यांच्या हाती लागली नसती तर बरं झालं असतं.

वहीविषयी : अण्णांची प्रवासाची वही असते. किलोमीटर, उंची, चहाचा दर, टॉवेलचा दर्जा. खारदुंग लावर ही वही फार कामाला आली. तिथल्या दुकानातल्या टी-शर्टवर उंची १८,३८० फूट, आणि मी फोनवर साठवून ठेवलेल्या माहितीत प्रत्यक्ष मोजणीची १७,५८२. अण्णांनी तिथेच वजाबाकी केली. ७९८ फुटांची तफावत. बँकेत सत्तर पैशांसाठी रात्री साडेआठपर्यंत थांबलेला माणूस आहे तो! अशा खिंडीवर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये असं सगळे सांगतात. ड्रायव्हरनी दोनदा हॉर्न दिला. आता लडाखातच उमलिंग लाचा रस्ता १९,०२४ फुटांवर गेलेला आहे, तेव्हा जुन्या तफावतीने कुणाचं काही बिघडत नाही, असं मी म्हणून पाहिलं. 'ताळेबंद जुळला पाहिजे,' अण्णा म्हणाले. तेवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागलं आणि ते आम्ही कुणीच पाहिलं नाही असं आम्ही सगळ्यांनी दाखवलं.

किरकोळ सूचना. बाहेरची प्रीपेड सिम लडाखात चालत नाहीत, पोस्टपेड न्यावं. अण्णांचं प्रीपेड होतं. सुप्रभात संदेश तीन दिवस न आल्यामुळे साताऱ्याच्या काकांनी पोलिसांत जाण्याची तयारी केली होती. मार्मोटांना बिस्किटं घालू नयेत, ती कितीही गुबगुबीत दिसली आणि आत्या कितीही हळहळली तरी. नुब्रा आधी, पँगाँग नंतर : नुब्रा लेहपेक्षा खाली आहे, तिथे झोप लागते. डोंगरावरच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावं, आत्याच्या कापराच्या पुरचुंडीला नव्हे. पुरचुंडी मात्र न्यावी, वास छान येतो.

नियम शेवटचा : पँगाँग.

'त्सो' म्हणजेच तळं, त्यामुळे 'पँगाँग त्सो लेक' म्हणणाऱ्यांकडे अण्णा करुणेने पाहत. उंची ४,२५० मीटर, लांबी सुमारे १३४ किलोमीटर, त्यातला मोठा भाग चीनच्या ताब्यात. पाणी बाहेर जायला वाट नाही म्हणून खारट, आणि खारट असूनही हिवाळ्यात गोठतं. रंगाबद्दल मी लिहिणार नाही, लिहून तो येत नाही. काठावर २००९च्या त्या सिनेमातली पिवळी स्कूटर आणि रंगीत खुर्च्या मांडलेल्या असतात, पैसे देऊन फोटो काढायचे. कन्येने काढले. आत्याने तर स्कूटरवर बसून काढला, गुडघ्यांसकट.

अण्णा पाण्याशी गेले, बोट बुडवून चाखलं, थुंकले. बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, 'पाणी चांगलं आहे. पण वेण्णा लेकला कणीस मिळतं.'

सातारा सात.

त्या रात्री तंबूत मी आणि अण्णा शेजारी. एवढ्या उंचीवर झोपलेल्या माणसाचा श्वास खोल होत जातो, मग अचानक थांबतो, दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, आणि मग एकदम मोठा श्वास. हे सहसा निरुपद्रवी असतं. मी वाचलं होतं. वाचल्याचा काही उपयोग होत नाही. मी अंधारात आकडे मोजत पडलो होतो. अकरा, बारा, तेरा, आणि मग तो श्वास. खरी धोक्याची चिन्हं वेगळी : बसल्या जागी धाप, चालताना झोकांड्या, बोलण्यात असंबद्धपणा. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं, तिथे चर्चा नाही. धाप नव्हती. चालायला लावणं शक्य नव्हतं. राहिलं बोलणं. दोन वाजता मी हळूच विचारलं, 'अण्णा, पसरणी घाट कुठून कुठे जातो?'

'वाईहून पाचगणीला,' रजईतून आवाज आला. 'झोप आता.'

मग मला झोप लागली.

परत आल्यावर ती वही माझ्या हाती लागली. त्या दिवशीची नोंद अशी : 'पँगाँग. ४,२५० मी. पाणी खारट. चहा बरा. टॉवेल नाही. चिरंजीवांस उंचीचा त्रास झालेला दिसतो, रात्री दोन वाजता पसरणी घाट कुठे आहे असे विचारत होते. सौ. यांस सांगितले नाही. उजाडेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले.'