घरगुती सर्व्हिसिंग

नेलपॉलिशची बाटली बायकोची, अक्कल माझी. मोटरसायकल सर्व्हिसिंगला टाकायच्या आदल्या रात्री मी इंजिनाखालच्या ऑइल बोल्टवर लाल ठिपका दिला. अर्धा बोल्टवर, अर्धा इंजिनवर. बोल्ट फिरला की ठिपका फुटणार!

दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली ती चकाचक. सीटला असं काहीतरी फासलं होतं की बसल्या बसल्या मी टाकीवर जाऊन आदळलो. बिलात इंजिन ऑइल, वायसर, चेन साफ करणे, 'कन्झ्युमेबल्स' नावाची एक गूढ रक्कम, मजुरी आणि मजुरीवर 18 टक्के जीएसटी. वाकून पाहिलं, ठिपका अखंड सौभाग्यवती.

सर्व्हिस ॲडव्हायझरला गाठलं. तो अजिबात विचलित झाला नाही. "असं कसं होईल सर? जॉब कार्डवर टिक आहे ना!" मग आवाज उतरवून म्हणाला, "कंपनीचा फोन येईल सर, तेवढे दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो." फोन आला. मी दहा दिले. भांडायला निघालेला पुणेकर पैकीच्या पैकी मार्क देऊन परत आला, हे कृपया आमच्या पेठेत कळू देऊ नका.

त्याच सुमारास रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे 1974 सालचं पुस्तक हाती पडावं, हे माझ्या गाडीचं प्रारब्ध. त्यात रेडिओ मोठ्याने लावून काम करणारी गॅरेजातली पोरं निवेदकाच्या गाडीची पार वाट लावतात, आणि खरा दोष, ऑइल पोचवणाऱ्या भागातली 25 सेंटची एक तुटकी पिन, शेवटी त्यालाच सापडतो. पुस्तकातलं तत्त्वज्ञान डोक्यावरून गेलं. पाना विकत घ्यायचा, एवढं मात्र पक्कं समजलं.

नाना पेठेत गेलो. दुचाकीचा जो पार्ट तिथे मिळत नाही तो बहुधा बनवलेलाच नसतो. सतरा नंबरचा रिंग पाना घेतला, तांब्याचा वायसर घेतला. घरात कारच्या ऑइलचा अर्धा डबा पडलाय, तोच ओततो म्हटल्यावर दुकानदाराने कपाळाला हात लावला. "बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल घातलं तर घसरेल. डब्यावर 'जासो एमए2' लिहिलेलं बघून घ्या." हे ज्ञान मी त्या आठवड्यात ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं, चारचाकीवाल्यांनासुद्धा.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कार्यारंभ. ऑइल पातळ व्हावं म्हणून इंजिन थोडं गरम केलं, खाली पाटी सरकवली, वरून हात घालून पाना लावला. बोल्ट हलेना. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त काका गॅलरीतून म्हणाले, "उलटा फिरवताय का हो?" आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाने मला बोल्ट शिकवावा? मी पान्याला नळाचा पाइप जोडला आणि सगळं वजन टाकलं.

आता, बोल्टचं डोकं असतं जमिनीकडे. वरून हात घालणाऱ्याला जी दिशा सैल करायची वाटते, ती नेमकी आवळायची असते. शिवाय बोल्ट लोखंडी, इंजिनचा तळ ॲल्युमिनियमचा; या दोघांच्या भांडणात नेहमी ॲल्युमिनियम हरतं. बोल्ट एकाएकी लोण्यासारखा मऊ झाला, मग नुसताच गोल फिरत राहिला. ओढून काढला तेव्हा डांबरासारखं ऑइल पाटीत, बाहीत आणि चेअरमनसाहेबांच्या गाडीच्या जागेत पसरलं. शोरूमने ते बदललं नव्हतं याचा इतका काळाकुट्ट पुरावा माझ्या हाती होता, आणि बघायला फक्त ते काका.

नवा वायसर लावून बोल्ट बसवला. आवळतोय, आवळतोय, पण तो काही बसेना.

गाडी ढकलत सिग्नलजवळच्या गॅरेजात नेली. मिस्त्रीने बोटानेच भोक चाचपलं. "आटे गेलेत पूर्ण. टॅप मारून एक साइज मोठा बोल्ट बसवावा लागेल." मग माझ्या काळ्या बाहीकडे न बघता विचारलं, "कोणी हो पान्याला पाइप लावला?"

"शोरूमवाल्यांनी," मी म्हणालो.

"वाटलंच. शिकाऊ पोरं ठेवतात." त्याने खेदाने मान हलवली. "ऑइल बदलायला शोरूम कशाला लागतं काका? घरीच करत जा. काही नसतं त्यात."