हिरवी खूण आणि धयकालो

संगणकप्रणालीच्या गुणवत्ता-परीक्षणात ब्राउझर आपोआप हाताळणारी जी साधने वापरली जातात, त्यांचे काम वरकरणी सोपे असते: संकेतस्थळ उघडणे, रकाने भरणे, बटण दाबणे आणि अपेक्षित उत्तर आले की नाही हे पाहणे, ही माणसाची सगळी कामे साधन स्वतः करते आणि उत्तीर्ण चाचणीपुढे हिरवी, अनुत्तीर्ण चाचणीपुढे लाल खूण उमटवते. यांतले सर्वांत प्रसिद्ध साधन, सेलेनियम, 2004 साली शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी सुरू केले, आणि तेही कर्मचाऱ्यांच्या वेळेचा व खर्चाचा हिशेब ठेवणारी घरचीच प्रणाली तपासण्यासाठी. पुढे 2011 साली मुंबईत रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी ब्राउझरस्टॅक काढून खरेखुरे ब्राउझर, आणि कालांतराने फोनही, इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याची सोय केली आणि गोव्यात पेडण्यातल्या एखाद्या माडीवर बसलेल्या चाचणीकारालाही, वीज असेपर्यंत, शेकडो फोन पदरी बाळगल्याचा रुबाब करता येऊ लागला.

प्रस्तुत लेखक हा त्या रुबाबदारांपैकीच एक होय. तथापि पेडण्यात दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणे हे संध्याकाळी सोप्यावर बसून, गजालींच्या ओघात, विनामोबदला पार पाडायचे कर्तव्य मानले जात असल्यामुळे त्याचा पगार मिळतो हे कोणाच्या गळी उतरत नाही. आणि डिचोलीच्या मावशीने तर, भाचा करतो ते एवढेच आणि तेवढेही त्याने आता यंत्रावर सोपवले आहे, असा निष्कर्ष काढून विषय संपवला आहे. या उपेक्षेवर लेखकाजवळ एकच उतारा आहे, तो म्हणजे सकाळी पडद्यावर वरून खालपर्यंत दिसणारी हिरव्या खुणांची रांग, जी तो आवश्यकतेपेक्षा बराच अधिक वेळ न्याहाळतो.

या रांगेचा मुख्य शत्रू म्हणजे चंचल चाचणी, अर्थात प्रणालीत काहीही न बदलता आज हिरवी आणि उद्या लाल होणारी चाचणी. गूगलनेच 2016 साली सांगितल्याप्रमाणे त्यांच्या सुमारे 16 टक्के चाचण्यांत असा थोडाफार चंचलपणा होता. त्याचे एक मोठे कारण वेग हे आहे, कारण पान पुरते उघडण्याआधीच साधन बटण शोधू लागते. त्यावर ठरावीक सेकंद थांबायला लावणे हा आळशी उपाय, तर बटण खरोखर दिसेपर्यंत थांबायला लावणे, म्हणजेच सशर्त प्रतीक्षा, हा शहाणा उपाय होय.

सशर्त प्रतीक्षेचे शास्त्र पेडणे-सावंतवाडी पट्ट्यात धयकाल्याने, म्हणजे जत्रेच्या रात्री देवळापुढे होणाऱ्या दशावताराने, ब्राउझर जन्मण्याच्या कितीतरी आधी पूर्णत्वास नेले होते. या नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान आणि भूमिका ठरतात, नट आपापला चेहरा आपणच रंगवतात आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी सुचतात. राजाचा मुकुट अजून बसला नसेल तर पेटीवाला घड्याळाकडे पाहत नाही. तो सूर लांबवतो, पखवाजवाला त्याला साथ देतो, संकासुर मंचावर असेल तर तो प्रेक्षकांची आणखी थोडी थट्टा करून घेतो, आणि राजा तयार झाला की तोच सूर त्याच्या प्रवेशाचा होतो. एखादा संवाद चुकला तर समोरचा नट त्याच चुकीतून पुढचा संवाद काढतो. एका शब्दाच्या फरकाने लाल होणाऱ्या चाचण्या लिहिणाऱ्याने अशा जत्रेत पुढच्या रांगेत बसून राजाची एन्ट्री उशिरा झाल्याचे शेजाऱ्याला सांगावे, हा मात्र शुद्ध आगाऊपणा होय, आणि लेखक तो दरवर्षी करतो.

विषयांतर लांबले, कारण पुढचा मुद्दा तितकासा सुखाचा नाही. बटणावर दुसरे काही, उदाहरणार्थ संमती मागणारी पट्टी, आडवे आले असेल तर साधन बटण दाबायचे नाकारते आणि क्लिक वाटेत अडली असा दोष नोंदवते. 2018 साली डब्ल्यूथ्रीसी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या वेबड्रायव्हर मानकात या दोषाला स्वतंत्र नाव आहे. परंतु या व्यवसायात जावास्क्रिप्टची एक ओळ घुसडून ती क्लिक थेट बटणाला पोचवण्याची युक्ती सर्रास चालते, चाचणी हिरवी होते आणि पट्टी जागच्या जागी राहते. हीच पट्टी माणसाला आडवी आली तर मात्र वेगळे घडते. डिचोली तालुक्यात 2012 साली खाणी थांबल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले 88 खाणपट्टे रद्द ठरवले, आणि खाणीवरचा ट्रक अंगणात उभा ठेवून बसलेल्या माणसाला पुढे जो अर्ज लहानशा फोनवर भरावा लागतो, त्यातले ‘पुढे’ हे बटण अशा पट्टीखाली गेले असेल, तर त्याच्याजवळ जावास्क्रिप्टची ओळ नसते. तो आपल्यालाच कळत नाही असे समजतो आणि शेजारच्या पोराला हाक मारतो. यंत्राने त्या माणसाची बाजू घेतलेली असते. यंत्राला गप्प बसवतो तो पगारी माणूस.

ही ओळ आपल्या चाचण्यांत असू नये, असा नियम प्रस्तुत लेखकाने केला आहे. परिणामी सकाळची रांग पूर्वीइतकी हिरवी नसते, आणि वाढलेला लाल रंग वार्षिक मूल्यमापनात स्वतःचे संशोधन म्हणून कसा मांडावा, याचा मसुदा माडीवर तयार होत आहे.