माउलींच्या रथाला जादा बैल

आमच्या ह्यांचा देवावर पूर्ण विश्वास आहे; फक्त त्याच्या नियोजनावर नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर आळंदी ते पंढरपूर पायी जायचं ठरलं, तेव्हा ह्यांनी आधी वही केली. मुक्काम, अंतरं, गोळ्यांच्या वेळा. सामानात सुतळी, दोन शिट्ट्या, पॉवर बँक आणि ती ऐनवेळी दगा देईल म्हणून दुसरी पॉवर बँक.

दिंडीत भिशीची वर्गणी भरली की वळकटी ट्रकमध्ये जाते, स्वयंपाक आचारी करतो, तंबू पोरं ठोकतात. आपण चालायचं आणि म्हणायचं. एवढं सुख ह्यांना सोसायचं कसं? ठोकलेल्या तंबूच्या खुंट्या हे पुन्हा हलवून बघत. भातात पाणी किती, हे आचाऱ्याला विचारत. तो म्हणे, "माउली, बसा." वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात, त्यामुळे कोण वैतागलंय ते कळत नाही.

शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या. त्यांच्या पिशवीत एक लुगडं, एक तांब्या आणि मिश्रीची डबी. ह्यांचं सामान पाहून म्हणाल्या, "समदंच आनलं की तुमी! मंग इठ्ठलाला औंदा सुट्टीच म्हना."

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' हा आळशांचा धर्म, असं ह्यांचं म्हणणं. बरोबर आहे. पण २५० किलोमीटर चालणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? आणि पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार राहिलेले, त्यामुळे शिस्त लष्करी. कोणती दिंडी पालखीच्या रथापुढे, कोणती मागे, कितव्या नंबरला, सगळं ठरलेलं. विठ्ठलावर भार टाकणाऱ्यांनी नंबर मात्र चोख लावलेत.

पुण्याहून सासवडला जाताना दिवेघाट लागतो. चढाला रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. हे रस्त्याकडेला उभे राहून जोड्या मोजत होते, आणि मला हसू येत होतं. चांगदेवांना भेटायला भिंत चालवणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींना घाटात दुसऱ्यांचे बैल चालतात. त्यात त्यांना काडीचाही कमीपणा वाटत नाही. आमच्या ह्यांना खांद्यावरची पिशवी कुणाला द्यायची म्हणजे इभ्रतीचा प्रश्न! शेवटी दिंडीतल्या एका पोरानं न विचारता ती उचलली आणि गर्दीत दिसेनासा झाला. हे आधी ओरडले, मग धापा टाकू लागले, मग दुसरं काहीच करण्यासारखं उरलं नाही म्हणून अभंग म्हणू लागले. आवाज बरा आहे ह्यांचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला पत्ता नव्हता.

पिशवी सासवडला आमच्या आधी पोचली होती. ह्यांनी वहीबरहुकूम सामान ताडून पाहिलं. एक शिट्टी कमी. ती माझ्या कमरेला होती. मी काही बोलले नाही.

संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की एवढा समुदाय एकदम गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते; चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. हरवलं-सापडलंही तिथंच पुकारतात. त्या शांततेत मला शेजारी वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. ह्यांना सुधारणा सुचली होती.

हे यंदाही निघालेत. गळ्यात शिट्टी अडकवलेले गृहस्थ दिसले, तर वारकऱ्यांनो, कृपा करून त्यांच्या हाती टाळ द्या. टाळाला दोन्ही हात लागतात.